पडू न दिलेले पूल

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या अभियंत्यांच्या संस्थेने सुरू केलेली एक आंतरराष्ट्रीय पूल परिषद आहे. तिथे दरवर्षी पदकं दिली जातात. उभं आयुष्य पुलांत घालवलेल्या माणसाला एक, नुकत्याच झालेल्या एखाद्या थोर कामाला एक, असा तो मान वाटला जातो. त्या रांगेत अब्बा लिक्टेनस्टाइन या अभियंत्याच्या नावाचं एक पदक आहे, आणि ते कोऱ्या करकरीत पुलाला मिळतच नाही. इतिहासात जागा असलेला जुना पूल ज्यांनी सांभाळला, दुरुस्त केला, पुन्हा वापरात आणला, त्यांच्यासाठी ते राखून ठेवलेलं आहे. शिवाय काही पूलवेड्या मंडळींनी ऑथमार अमान या स्विस-अमेरिकन अभियंत्याच्या नावाने आपले वेगळेच वार्षिक पुरस्कार सुरू केले. त्यात उत्तम डागडुजी, उत्तम छायाचित्र अशा विभागांच्या जोडीला गूढ पुलांचाही एक विभाग असतो. कुठल्याशा ओढ्यावर उभा असलेला, पण कुणी बांधला आणि कधी बांधला याचा पत्ता नसलेला पूल तिथे मानाने पाटावर बसतो.

हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बांधणाऱ्याचं कौतुक जगात सगळीकडे होतं. भूमिपूजन होतं, फीत कापली जाते, कोनशिलेवर मंत्र्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची नावं लागतात. राखणाऱ्याच्या गळ्यात हार पडत नाही, कारण त्याच्या कामाचा पुरावाच दाखवता येत नाही. पूल काल होता तसा आज आहे, ही काही बातमी नव्हे. असा पुरावा नसलेल्या कामाला पदक द्यायचं कुणाला सुचलं, हेच मला मोठं वाटतं.

मी सांगलीचा, म्हणजे नदी फुटांत मोजणाऱ्या गावचा. कोयनेतून पाणी सोडलं की आमच्याकडे एकच प्रश्न घराघरांतून फिरतो, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ४० ऐकलं की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७च्या वर गेला आणि माळेही पुरले नाहीत. कृष्णेवरचा हा पूल १९२९चा, पटवर्धनांच्या संस्थानाच्या काळातला. त्याला ज्या व्हाइसरॉयचं नाव आहे तो पुढे गांधी-आयर्विन करारामुळे इतिहासाच्या पुस्तकात गेला. सांगलीत मात्र आयर्विन म्हणजे माणूस नव्हेच, ती पाण्याची पट्टी. पुरात आम्ही सगळे पुलाकडे डोळे लावून बसतो खरे, पण पाहतो ते पाणी. त्या पाण्यात घडीव दगडाचे खांब कशाच्या बळावर उभे आहेत, हा प्रश्न पूर ओसरल्यावरही कुणी विचारत नाही.

तो प्रश्न ज्यांना माहीत होता अशी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आजोळच्या रस्त्यावर मैलकुली असायचे. बांधकाम खात्याने रस्त्याचे तुकडे पाडून एकेका तुकड्याची निगा त्यांच्याकडे सोपवलेली असे. खांद्यावर फावडं, डोक्यावर घमेलं आणि घमेल्यात कोयता. रोहिणी निघाल्या की ते ओढ्यावरच्या पुलाशी दिसू लागत. पुलावरचं पाणी जाण्यासाठी कठड्याच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. त्यांत वर्षभर साचलेली माती आणि पाला ते पहारीने टोकरून काढत. मोरीत अडकलेली झुडपं ओढून काठावर टाकत. मग कमानीच्या दगडांच्या फटीत उगवलेली वडा-पिंपळाची रोपं उपटत. एकाला मी विचारलं होतं, पिंपळ तोडला तर पाप लागत नाही का? तो म्हणाला, "बाळ, हितं ठेवला तर लागतं."

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते मला पुष्कळ उशिरा उमगलं. पिंपळाचं फळ पाखरू खातं, बी विष्ठेतून दगडाच्या सांध्यात पडतं, आणि चुन्यातली ओल त्याला पुरते. पहिल्या वर्षी ते बोटभर रोप असतं, दोन बोटांनी उपटून निघतं. चार-पाच वर्षांनी मूळ आत शिरून जाड होतं, दगड सरकवतं, फट रुंद करतं. त्या फटीतून पाणी आत जातं, चुना धुपतो, भराव भिजून फुगतो आणि बाजूची भिंत बाहेर ढकलली जाते. बोटभर रोपाचं काम फुकट होण्याजोगं असतं. ते चुकलं तर पुढे निविदा काढावी लागते, आणि तीही चुकली तर माणसं जातात.

पूल बहुधा पाण्यानेच जातो, वरच्या तरी किंवा खालच्या तरी. वरचं पाणी निचरा न झाल्याने मुरतं आणि कुजवतं. खालचं पाणी अधिक कपटी असतं. पुराच्या लोंढ्याने पूल ढकलून पाडला, असं आपण म्हणतो. पुष्कळ वेळा पूर पुलाला ढकलत नाही, त्याच्या पायाभोवतीची वाळू आणि मुरूम उकरून नेतो. खांबाला वळसा घालताना पाण्याला भोवरा येतो, भोवरा तळ खरवडतो, आणि पूर उतरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा बुजतो. वरून पाहणाऱ्याला नदी जशीच्या तशी दिसते. म्हणून राखणाऱ्याला न दिसणारं पाहण्याची सवय लागते, आणि न दिसणाऱ्या कामाची शाबासकी कोण देणार?

माझी भाची पिट्सबर्गला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला हौसेने टेकड्यांवरून शहर दाखवलं. दोन नद्या मिळून तिसरी होते त्या संगमावर हे शहर बसलेलं आहे, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे पूल. मला ओढ होती ती मोनोंगहेला नदीवरच्या स्मिथफील्ड स्ट्रीट पुलाची. तो १८८३ साली खुला झाला. त्याच जागी आधी जॉन रोब्लिंगचा तारेच्या दोरांचा पूल होता. ब्रुकलिन पुलाची कल्पना ज्याची, तोच हा रोब्लिंग. शहराची रहदारी त्या पुलाला झेपेनाशी झाल्यावर गुस्ताव लिंडेनथाल याने नवा पूल आखला. त्याच्या दोन मोठ्या गाळ्यांत वरची कमान वर फुगत जाते, खालची खाली उतरते, आणि टोकांशी दोघी पुन्हा एकत्र येतात. त्या कमानींच्या मधून आपण चालत जातो. संध्याकाळी कामावरून घरी जाणारी माणसं चालत होती, सायकली जात होत्या, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांचं ते लोखंड मोटारींच्या चाकांखाली बारीक थरथरत होतं. ती थरथर तळपायाला जाणवली तेव्हा मी थोडा वेळ कठड्याला धरून उभा राहिलो. भाचीला वाटलं मला चक्कर आली.

या पुलाच्या दीर्घायुष्याचं एक गमक मला फार आवडतं. घोडागाड्यांच्या जमान्यात आखलेल्या पुलावर पुढे ट्राम आल्या, मोटारी आल्या, ओझं वाढत गेलं. १९३०च्या दशकात अभियंत्यांनी पुलाचा जड तळ काढून त्या जागी अॅल्युमिनियमचा तळ बसवला. पुलावर हा धातू असा वापरण्याची ती पहिलीच वेळ, आणि अॅल्युमिनियमच्या धंद्याचं माहेर हेच शहर असल्याने ते सुचलंही सहज. पुलाचं स्वतःचं वजन घटलं, आणि जेवढं घटलं तेवढी लोकांचं वजन उचलण्याची ताकद त्याच्यात शिल्लक राहिली. म्हाताऱ्याला टेकू देण्याऐवजी त्याच्याच खांद्यावरचं ओझं उतरवण्याची ही युक्ती, आणि ती चालली.

त्याच शहरात, काही मैलांवर, फर्न हॉलो नावाच्या दरीवरचा पूल २८ जानेवारी २०२२ रोजी पहाटे बर्फात कोसळला. हा काही जुना नव्हता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. पुलावर एक लांब जोडबस होती, मोटारी होत्या. माणसं जखमी झाली, सुदैवाने मेलं कुणी नाही. योगायोग असा की त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रस्ते-पुलांच्या दुरुस्तीवर भाषण करायला त्या शहरात येणार होते. पुढे चौकशी झाली. पूल ज्या पोलादाचा होता ते स्वतःच्याच गंजाचं कवच घालून घेतं आणि त्या कवचाखाली सुरक्षित राहतं; अट एवढीच की ते मधून मधून कोरडं व्हायला हवं. इथे पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा पाल्याने आणि कचऱ्याने तुंबल्या होत्या. पाणी खाली उतरून पुलाच्या तिरक्या पायांवर साचत राहिलं, कवच धरलंच नाही, आणि पाय आतून खाल्ले जाऊन त्यांना भोकं पडली. या गोष्टी तपासणीच्या अहवालात लिहिलेल्या होत्या. वर्षानुवर्षं त्याच सूचना पुन्हा पुन्हा उतरवल्या गेल्या, आणि त्या अमलात आल्याच नाहीत. नवा पूल मात्र त्याच वर्षी डिसेंबरात वाहतुकीला खुला झाला.

जुनं म्हणून धोक्याचं आणि नवं म्हणून भरवशाचं, या समजुतीला एकाच गावातल्या या दोन पुलांनी चांगला धडा दिला आहे. आपल्या गोव्यातही तो मिळतो. पणजीहून रायबंदरला जाणारा पोंत द लिन्यारिश हा तीन किलोमीटरांहून लांब बांध-पूल पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळातला, १६३३-३४चा. दलदलीत लाकडी ओंडके घालून त्यावर तांबड्या जांभ्या दगडाने उभारलेला. आजही त्यावरून माणसं मासळी घेऊन घरी जातात. मांडवीवर १९७० साली झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी पडला. त्याचं वय सोळा. साडेतीनशे वर्षांचा म्हातारा शेजारी उभा राहून ते पाहत होता.

पण जुन्याचा नुसता अभिमान बाळगणंही बरं नव्हे, कारण जुन्याच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून कळत नाही. १९२८ साली दोन पूल झाले, एकमेकांपासून पृथ्वीच्या दोन टोकांना. एक ओहायो नदीवर, अमेरिकेतल्या पॉइंट प्लेझंट गावाशी. त्याला चंदेरी रंगामुळे सिल्व्हर ब्रिज म्हणत. दुसरा आपल्या महाडजवळ सावित्रीवर, दगडी कमानींचा. सिल्व्हर ब्रिज पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी, नाताळच्या खरेदीची गर्दी असताना, त्या साखळीतली एकच पट्टी तुटली आणि सगळा पूल नदीत गेला. ४६ माणसं मेली. तुटलेल्या पट्टीच्या डोळ्याशी एक तडा होता, दोन-अडीच मिलिमीटर खोल, आणि तो अशा जागी होता की सांधा सुटा केल्याशिवाय कुणाला दिसलाच नसता. सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महापुरात, काळोखात गेला. दोन एस.टी. गाड्या आणि काही मोटारी त्याच्याबरोबर गेल्या; कित्येक माणसं हाती लागलीच नाहीत. त्याच उन्हाळ्यात पाहणी झाली होती आणि धोक्याचं काही आढळलं नव्हतं, असं सरकारकडून सांगण्यात आलं. दहा महिन्यांत नवा पूल उभा राहिला आणि त्या वेगाचं कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं. मला फक्त एवढंच वाटतं की वेगाचं कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या उन्हाळ्यातल्या पाहणीचा कागद मागायला हवा होता.

सिल्व्हर ब्रिजने अमेरिकेला एक गोष्ट शिकवली. देशातल्या पुलांची ठरावीक मुदतीने, ठरलेल्या पद्धतीने तपासणी करायचा राष्ट्रीय नियम त्यानंतर आला. मात्र त्याची दुसरी बाजूही होती. तपासणीत एकामागून एक जुने लोखंडी पूल कमकुवत ठरू लागले आणि कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. एकोणिसाव्या शतकात तिकडे खेडोपाडीचे पूल कारखान्यांच्या छापील यादीतून मागवत. लोखंडाचे तुकडे रेल्वेने यायचे, गावातली माणसं ते खिळींनी जोडायची, आणि पुलाच्या माथ्यावर कारखान्याच्या नावाची नक्षीदार पाटी चढायची. असे पूल भंगारात जाताना पाहून ज्यांच्या पोटात तुटलं, त्यांनी कायद्याचा आधार शोधला. १९८७च्या एका केंद्रीय कायद्याने अशी तरतूद केली की इतिहासात महत्त्व असलेला पूल सरकारी पैशाने पाडण्याआधी तो कुणी घेतो का, हे विचारलं पाहिजे. आणि जो घेईल त्याला पाडकामाच्या खर्चाइतकी मदत मिळू शकते. म्हणजे चक्क पूल दत्तक देणे आहे, अशी जाहिरात.

हे दत्तक घेणारे निघाले, ही यातली सुंदर गोष्ट. मिशिगनमध्ये बॅटल क्रीकजवळ कॅल्हून काउंटीने तर पुलांचं एक उद्यानच केलं. ठिकठिकाणचे नकोसे झालेले लोखंडी पूल सुटे करून तिथे आणले, दुरुस्त केले, आणि पायवाटेवर पुन्हा उभे केले. ही दुरुस्ती करताना एक अडचण आली. जुने पूल रिबिटांनी जोडलेले, आणि रिबिट ठोकणारे हात जवळपास संपलेले. नट-बोल्ट आल्यापासून ती कला कुणी शिकत नव्हतं. ती पुन्हा शिकावी लागली. रिबिट भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवायचं, चिमट्याने उचलून भोकात घालायचं, एकाने मागून जड लोखंडाचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्याने पुढून हवेच्या हातोड्याने त्याचं गोल डोकं घडवायचं, हे सगळं ते निवायच्या आत. निवताना रिबिट आकसतं आणि दोन्ही पत्रे गच्च आवळून धरतं. आपल्याकडच्या जुन्या रेल्वे पुलांवरही अशा गोल डोक्यांच्या रांगा दिसतात. गाडी पुलावर सावकाश जात असली तर खिडकीतून पाहाव्या. प्रत्येक डोक्यामागे दोन माणसांचा एकेक क्षण आहे.

पूल राखताना कधी कधी ती कलाही राखावी लागते, हे या रिबिटांनी दाखवलं. आणि कधी नदीखालीही उतरावं लागतं. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरचा आयर्न ब्रिज हा बिडाचा जगातला पहिला मोठा पूल, १७७९चा. लोखंड जोडायचं कसं याचा अनुभव तोवर कुणालाच नव्हता. म्हणून कारागिरांनी सुताराचे सांधे लोखंडात उतरवले, खाच आणि खुंटी, पाचर आणि कुसू. आपल्या वाड्यांच्या तुळया ज्या रीतीने बसतात त्याच रीतीने तो पूल बसलेला आहे. पण तिथल्या दरीचे दोन्ही काठ हळूहळू एकमेकांकडे सरकतात आणि मधल्या पुलाला चिमटतात. १९३४ साली त्यावरची वाहनं बंद केली. १९७०च्या दशकात नदीच्या तळात काँक्रीटची उलटी कमान बसवून दोन्ही काठांना एकमेकांपासून दूर रोखलं गेलं. आज पर्यटक त्या पुलाचे फोटो काढतात. ज्याच्यामुळे पूल टिकला ते काम कुणाच्याच फोटोत येत नाही, कारण ते पाण्याखाली आहे. २०१७-१८च्या मोठ्या दुरुस्तीत रंगाचे थर तपासले तेव्हा मूळ रंग तांबूस तपकिरी होता असं कळलं आणि पुलाला तो परत मिळाला. त्या कामाला जर्मनीतल्या एका प्रतिष्ठानने दहा लाख युरो दिले. दुसऱ्या देशातला पूल आपल्या पैशाने राखावा असं कुणाला वाटतं, यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

रंगावरून मोरबी आठवतं आणि मन कडवट होतं. गुजरातेत मच्छू नदीवरचा तो झुलता पूल एकोणिसाव्या शतकातला, संस्थानी दिमाखाचा. २०२२च्या दिवाळीत दुरुस्तीनंतर तो मोठ्या गाजावाजाने पुन्हा खुला झाला, आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तुटून पडला. १३५ माणसं गेली, त्यांत कितीतरी पोरं. चौकशी पथकाने पाहिलं तर मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीपासूनच तुटलेल्या असाव्यात अशा दिसल्या. दोर बदललाच नव्हता. बदलला होता तळ. लाकडी फळ्यांच्या जागी अॅल्युमिनियमचे पत्रे टाकले होते. पिट्सबर्गमध्ये ज्या धातूने पूल वाचला तोच धातू इथेही होता. तिथे तो बसवण्याआधी पुलाच्या वजनाचा हिशेब झाला, इथे आधी उद्घाटनाची तारीख ठरली. पडत्या घराच्या भिंतींना सणासाठी चुना फासावा, तशी ती दुरुस्ती. जतनाच्या नावाखाली असं होऊ शकतं, म्हणूनच जतनाच्या पुरस्काराचे परीक्षक आधी सांध्यात डोकं घालणारे हवेत, पुलावरची रोषणाई नंतर पाहिली तरी चालेल.

प्रत्येक जुना पूल वाचवता येतो असंही मी म्हणणार नाही. मुंबईत मस्जिद बंदराजवळचा कारनॅक पूल दीडशे वर्षांहून जुना होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन रेल्वेने तो उतरवला. खालून अहोरात्र लोकल जातात, वरचं लोखंड थकलेलं. तो ठेवायचा हट्ट लोकांच्या जिवाशी खेळ झाला असता. त्या पुलाच्या नावाचे इंग्रजी, मराठी आणि गुजरातीत कोरलेले दगड मात्र जपून ठेवायचं ठरलं. व्यापाऱ्यांच्या, हमालांच्या, गिरणीवाल्यांच्या त्या मुंबईला पुलाचं नाव तीन लिप्यांत वाचता यावं असं कुणाला तरी वाटलं होतं, एवढी आठवण तरी शिल्लक राहील. पूल गेला तरी त्याची नीट नोंद ठेवणं हीसुद्धा राखणच आहे. पाडायचा तो पाडावा, पण ठरवून, मोजून, दिवसाउजेडी. पुराच्या रात्री त्याने स्वतःच निर्णय घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

आपल्याकडे १५ सप्टेंबरला, अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिवशी, अभियंता दिन असतो. त्यांनी नोकरीची सुरुवात मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात केली, आणि खडकवासल्याला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुणेकरांना अभिमानाने सांगता येतात. त्या दिवशी सत्कार होतात, शाली पडतात. माझी मागणी एवढीच आहे की त्यांत एक शाल जुन्या पुलासाठी असावी, आणि ती पुलाच्या वतीने ज्याने त्याची भोकं साफ ठेवली त्या मैलकामगाराच्या, ज्याने पाण्यात उतरून पाया चाचपला त्या पाणबुड्याच्या आणि ज्याने शेरा लिहून त्याचा पाठपुरावा केला त्या शाखा अभियंत्याच्या खांद्यावर पडावी. पुरस्काराचा अर्ज सोपा ठेवावा. पुलाचं नाव, बांधल्याचं वर्ष, गेल्या पाच वर्षांचे तपासणी अहवाल, आणि त्या अहवालांतल्या प्रत्येक शेऱ्यापुढे काम पुरं झाल्याची तारीख. एका वर्षीचा शेरा दुसऱ्या वर्षीच्या अहवालात जिथे पुन्हा दिसत नाही, त्या पुलाला पहिला क्रमांक द्यावा. दिव्यांच्या माळा, सेल्फी पॉइंट आणि नवा रंग यांना गुण देऊ नयेत.

असा पुरस्कार निघेल तेव्हा निघेल. तोवर वाचकांनी एक करावं. येत्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या पुलावर एकदा चालत जावं, कठड्यावरून वाकून दगडांच्या फटी पाहाव्यात. पिंपळाचं रोप दिसलं किंवा पाण्याची भोकं बुजलेली दिसली, तर फोटो काढून बांधकाम खात्याच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.